दसऱ्याआधी ये

धारूर, जि. बीड

चि. प्रतीक्षास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "अठ्ठावीस संपले, सिनेमाच्या कोर्सला प्रवेशही मिळाला नाही, आता कधी करू सिनेमा?" बाबा शेजारीच होते, म्हणून बोलले नाही.

सिनेमे करणाऱ्या सुमित्रा भावे बाईंचा जन्म १९४३ चा आणि पहिला लघुपट 'बाई' १९८५ चा. कर हिशेब. सिनेमाचं शिक्षण शून्य. समाजकार्यातल्या बाई, पुण्यात वस्तीतल्या बायकांचा अभ्यास करायच्या. पण ज्यांच्यावर अहवाल लिहायचा त्यांनाच तो वाचता येईना, मग त्यांना बघता येईल असं काही करावं म्हणून कॅमेऱ्याकडं वळल्या. हे मला लगेच कळलं बघ. अंगणवाडीत मी लेकराला काट्यात बसवते, वजन मोबाइलमध्ये भरते. तो आकडा कुठवर जातो देव जाणे. त्याची माय समोर उभी राहून एवढंच विचारते, "बरं हाय का ओ ताई?"

'बाई'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढं सुनील सुकथनकरांच्या जोडीनं 'दोघी', 'देवराई' असे कितीतरी सिनेमे केले. 'कासव'ला तर २०१६ चं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ. यादी तुला माझ्यापेक्षा पाठ असेल. माझ्या डोक्यातून त्यांच्या 'अस्तु'तली माहुताची बायको जात नाही. संस्कृतचे एवढे मोठे पंडित, स्मृती गेलेली, हत्तीच्या मागं मागं चालत येतात, आणि ही बाई त्यांना लेकरासारखं सांभाळते. अमृता सुभाषला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मिळायलाच पाहिजे होता.

पैसा मात्र असल्या सिनेमात नाही. थिएटरही मिळत नाही, आपल्याकडं तर नाहीच. भावे बाई एप्रिल २०२१ मध्ये गेल्या, त्यांचा 'दिठी' लोकांपुढं आला तो पुढच्या महिन्यात, तोही ओटीटीवर. तेव्हा नोकरी सोडायचा विचार आत्ताच नको.

आता तुझ्या स्क्रिप्टचं. तुझी ऊसतोड बाई फार रडते. रडायला वेळ कुठं असतो गं? पहाटे थंडीत फडात शिरायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरायच्या आणि कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, येऊन भाकरी थापायच्या. मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, बहुतेक नवऱ्याच्याच हातात. तिला किती पैसे सुटले हे तिला विचारलंस का कधी? ते विचार, मग लिही.

दसऱ्याआधी ये. दसरा झाला की ऊसतोड्यांच्या टोळ्या साखर कारखान्यांवर जायला लागतात, वस्तीत दाराला कुलपं लागतात आणि माझ्या अंगणवाडीचा पट निम्म्यावर येतो. कॅमेरा नसला तरी चालेल, वही आण. पोषण आहार वाटताना बाया बसतात, तिथं तुला बसवते.

बाबांचं मी बघते. स्थळाचा विषय त्यांनी काढलाच, तर आल्या आल्या भांडायला उठू नकोस.

तुझी,
आई