उद्यमनगरच्या मिस्त्रीमामांना, पाईपासकट

मिस्त्रीमामा, सप्रेम नमस्कार.

त्या रविवारी आमची ॲम्बेसेडर तुमच्या दारात आली ती पुढच्या डाव्या चाकाचा एक स्टड, म्हणजे चाकाचा नट ज्यावर आवळतात तो आट्यांचा दांडा, मोडून. जोतिबाला निघालो होतो, आई मागे बसलेली. पंक्चर काढून चाक बसवताना 'टक्' झालं आणि नट अर्ध्या स्टडसकट पान्यात आला. तुमच्याकडे पोचल्या पोचल्या मी पंक्चरवाल्याच्या नावानं बोटं मोडायला लागलो. तुम्ही ऐकून घेतलंत, डिकीत डोकावलात आणि तीन फुटी पाईप उचलून एवढंच विचारलंत, "ह्यो कुणाचा?"

मामा, तो आमचाच. पान्याला पाईप घालून नट करकचून आवळायची सवय वडिलांची, गाडीबरोबर ती माझ्याकडं आली. स्टड ताणले आम्हीच. पंक्चरवाल्याचा फक्त शेवटचा हात लागला. आईसमोर काही न बोलता तुम्ही पाईप परत डिकीत ठेवलात, त्याचे आभार सगळ्यात आधी.

मी म्हटलं, वेल्डिंग मारा, वेळ निभावेल. "न्हाई. तापला की पोलादाचा दम जातोय. घाटात चाक म्होरं आन् गाडी मागं व्हायची." लेथवर साधा गज कातून देणारे आजूबाजूला ढीगभर, पण तेही तुम्हाला चालेना. २०१४ सालापासून ही गाडी बनायची बंद आहे, तरी जुन्या मालाच्या दुकानात नमुना दाखवून त्या चाकाचे सगळेच स्टड आणलेत. सगळे कशाला? "शेजारच्यांनीबी तेवढाच ताण खाल्लाय. ते अजून बोलंनात, एवढंच."

मग ड्रम काढला, स्प्लिट पिन ओढली, स्टड ज्यात बसतात तो चाकाचा मधला भाग, हब, उतरवला. प्रेसखाली मोडका स्टड मागच्या बाजूनं निघाला, नवे त्याच खाचांत दाबून बसवलेत. बेअरिंगला ग्रीस भरता भरता तुमचा चहा गार झाला. शेवटी पाना माझ्या हातात दिलात: नटाची निमुळती बाजू आत, समोरासमोरचे नट थोडे थोडे, आणि चाक जमिनीला टेकल्यावर शेवटचा आवळा. नुसत्या हातानं.

शंभर किलोमीटरनंतर परत बघ म्हणाला होतात. गारगोटीला जाऊन आलो आणि बघितलं. एका नटानं पाव फेरा घेतला, बाकीचे जागेवर.

पाईप परसात कारल्याच्या वेलाला लावलाय. आईनं तो लगेच ओळखला.