त्या पिवळ्या कॅप्सूल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर माझा आवाज चढला, त्याची आधी माफी मागते. किमो चालू असताना आईला हळदीच्या त्या कॅप्सूल देऊ नका, एवढंच मी सांगत होते. बाबा, तुम्ही म्हणालात, "अगं, हे सगळं तुझ्याच पोस्टरवर लिहिलंय की!" आणि मला पुढे बोलताच येईना. फोनवर मी एक सांगते, तुम्ही दुसरंच ऐकता, मग आई मध्ये पडते. म्हणून लिहायला बसले. आईला सगळं वाचून दाखवा, मधलं गाळू नका.

माझ्या प्रयोगांचं ते पोस्टर खरं आहे. हळदीतलं कर्क्युमिन आणि सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध एकत्र दिलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी जास्त मरतात, असं त्यावर लिहिलंय आणि ते मी स्वतः पाहिलंय. फोटो कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकला तोही मीच. तेव्हा आईला हाच कॅन्सर असल्याचं निदान व्हायचं होतं. काकांनी तो जपून ठेवला असेल आणि सहा महिन्यांनी तुम्ही त्यावरून कर्क्युमिनच्या कॅप्सूलच्या तीन बाटल्या मागवाल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आता मी ते कुठे पाहिलं, ते ऐका. आमच्याकडे शहाण्णव खळग्यांची प्लास्टिकची प्लेट असते, आप्पेपात्राचं बारकं भावंड म्हणा. त्यात ज्या पेशी वाढवतो त्या हेन्रिएटा लॅक्स नावाच्या अमेरिकन बाईच्या. तिला आईसारखाच आजार होता. 1951 साली, वयाच्या 31व्या वर्षी ती गेली. न विचारता काढून घेतलेल्या तिच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. त्या खळग्यांत मी कर्क्युमिन घालते. ते पाण्यात विरघळत नाही, उजेडात खराब होतं, म्हणून वेगळ्या द्रावकात विरघळवायचं आणि नळीला फॉइल गुंडाळायचं. हातमोजे, ओटा, ॲप्रन, सगळं पिवळं. (आई, तुझ्या लोणच्याच्या दिवसांत ओटा असतो तसा.) दोन दिवसांनी एक रसायन घालतो, ते जिवंत पेशींत जांभळं होतं. जांभळं कमी म्हणजे पेशी मेल्या. पण कर्क्युमिनचा स्वतःचाच रंग इतका की तो वेगळा मोजून वजा करावा लागतो. पहिल्या वर्षी मी ते विसरले आणि दोन महिन्यांचे आकडे कचऱ्यात गेले.

तर बाबा, त्या खळग्यात मी 20 मायक्रोमोलर इतकं कर्क्युमिन थेट पेशींच्या अंगावर ओतते. माणूस ते गिळतो तेव्हा आतडं आणि यकृत मिळून त्यातलं बहुतेक सगळं बाहेर घालवतात. तैवानमधल्या एका चाचणीचा अहवाल 2001 साली आला. त्यात लोकांना दिवसाला 8 ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन दिलं, तरी रक्तातलं सरासरी प्रमाण 2 मायक्रोमोलरच्याही वर गेलं नाही. आपल्या डब्यातल्या हळदीत कर्क्युमिन असतं शेकडा तीनच्या आसपास. म्हणजे माझ्या प्लेटमध्ये जे होतं ते आईच्या अंगात व्हायला लागणारं औषध तिथवर पोचतच नाही. आणि प्लेटमध्ये नुसत्या कॅन्सरच्या पेशी असतात. तिथे मूत्रपिंड नसतं, यकृत नसतं, आईचं नऊवर आलेलं हिमोग्लोबिन नसतं.

तुम्ही म्हणाल, म्हणूनच तर कॅप्सूलमध्ये काळी मिरी घातलीय. बरोबर. 1998 साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं होतं की मिरीतलं पिपरीन सोबत दिलं तर रक्तातलं कर्क्युमिन वीस पटीने वाढतं. बाटलीवर छापलेला "2000%" तो हाच. मला खरी भीती त्याचीच वाटते. पिपरीन काय करतं? नको ती औषधं मोडून बाहेर काढणाऱ्या यंत्रणेला ढिलं पाडतं. तुम्ही तीस वर्षं एसटीत काढलीत, तुम्हाला लगेच कळेल. डेपोच्या गेटवरचा वॉचमन झोपवला की आपली एकच गाडी बाहेर पडत नाही, ज्याला निघायचंय तो निघतो. आईला मिळणारं पॅक्लिटॅक्सेल हे किमोचं औषध त्याच यकृतात, त्याच यंत्रणेकडून मोडलं जातं. ते किती वेळात मोडावं याचा हिशेब धरून डॉक्टरांनी डोस बसवलाय. आईची बीपीची गोळीही त्याच गेटमधून जाते. शिवाय कर्क्युमिन लोहाला धरून बसतं, आणि आईला तर आधीच रक्त चढवावं लागलंय.

हां, पॅक्लिटॅक्सेलवरून आठवलं. परवा डॉक्टरांनी ते नाव घेतलं तेव्हा तुम्ही तोंड वाकडं केलंत, "सगळं केमिकल" म्हणून. बाबा, ते झाडाचं औषध आहे! अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्याच्या जंगलात, यू नावाच्या झाडाची साल 1962 साली गोळा केली. तिच्यातून हे रसायन वेगळं करून त्याची रचना 1971 साली जगापुढे मांडली ती मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांच्या गटाने. हे वाणी कुठले, सांगा? आपल्या नंदुरबारचे! 1925 साली तिथे जन्मले, मुंबईत शिकले, मग अमेरिकेत गेले. 2020 मध्ये वारले. आपण मिरची घ्यायला नंदुरबारला कितीदा गेलो असू, पण हे नाव मी तिथे कधी ऐकलं नाही, पुस्तकात वाचलं. याच दोघांनी चीनमधल्या एका झाडातून कॅम्प्टोथेसिन काढलं. तेच रसायन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात सापडतं, म्हणून तर त्याची चोरटी तोड होते. त्यापासून केलेलं टोपोटेकॅन सिस्प्लॅटिनसोबत द्यायला 2006 साली अमेरिकेत मान्यता मिळाली, ती याच आजाराच्या पुढच्या टप्प्यासाठी.

सालीपासून सलाईनच्या बाटलीपर्यंत यायला तीस वर्षं लागली. 1992 साली पहिली मान्यता मिळाली, तीही वेगळ्या कॅन्सरसाठी. हे रसायनही पाण्यात विरघळत नाही, म्हणून एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात देतात. त्याची ॲलर्जी येऊ नये म्हणून आधी वेगळी इंजेक्शनं देतात. आई, तेव्हा झोप येईल, घाबरू नकोस. केस जातील. बोटांना मुंग्या येतील, त्या मात्र अंगावर काढायच्या नाहीत, दर वेळी सांगायच्या.

आणि हे सहा आठवडे आधी किमो, मग रेडिएशन, हा काही डॉक्टरांचा प्रयोग नाही. 500 बायकांवर झालेल्या चाचणीत, त्यात आपल्याकडच्याही होत्या, पाच वर्षांनी जिवंत असलेल्या बायका शंभरात 72 वरून 80 झाल्या. तो अहवाल 2024 साली आला. म्हणजे वनस्पती आणि किमो एकत्र द्यायची तुमची इच्छा आईच्या बाटलीत पुरी होतेच आहे. दोन्हींचं माप मात्र कुणीतरी मोजलेलं आहे.

पुढे रेडिएशन सुरू झालं की आतून द्यायच्या शेकासकट सगळं आठ आठवड्यांच्या आत संपवायचं असतं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा, वाढलं की त्यासोबतचं सिस्प्लॅटिन पुढे ढकलतात. यकृताचे आकडे बिघडले की सगळेच थांबून कारण शोधत बसतात, आणि तेव्हा आपण काय काय खाल्लं ते कुणी खरं सांगत नाही. म्हणून गुळवेलीचा रसही बंद. ती आपल्याच लिंबावर चढलेली आहे, ताजी आहे, सगळं मान्य. पण गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 साली नोंदवलेत. वरणातली हळद, भाजीतली हळद, रात्रीचं हळदीचं दूध चालेल. आई, तुझ्या शेवभाजीला कुणी हात लावत नाहीये. तोंड येईल तेव्हा तूच तिखट कमी करशील.

बाबा, तुमच्यावर राग नाही. तुम्हाला नुसतं बसवत नाही, ते मला कळतं. तुम्हाला काम हवंय ना, तर घ्या. एक वही करा, गाड्यांच्या नोंदी ठेवायचात तशी. आईने किती पाणी प्यायलं, लघवी किती वेळा, ताप किती, कुठली गोळी किती वाजता. ताप 100.4 झाला की रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखान्यात फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही. पुढच्या खेपेला त्या तिन्ही बाटल्या नाशिकला सोबत न्या, आईने किती खाल्ल्या ते डॉक्टरांना सांगा. ते रागावले तर माझं नाव सांगा.

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते. ग्रुपवरचं पोस्टर काल काढून टाकायला गेले, पण आता निघत नाही म्हणे. काकांना तुम्हीच समजावा, माझं ते ऐकणार नाहीत.

तुमची,
धाकटी