हिशेब कोण मागतो?

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पानावर डोंबिवलीच्या एका वाचकांचं पत्र होतं. आफ्रिकेत सोनं, हिरे, तेल सगळं असून ते देश गरीब का, याचं उत्तर त्यांनी दोन शब्दांत दिलं: आळस आणि भ्रष्टाचार. आपल्याकडे काही नव्हतं तरी आपण कष्टानं उभे राहिलो, असंही पुढे होतं. मी तीसेक वर्षं हिरेबाजारात असॉर्टिंग, म्हणजे हिऱ्यांची प्रतवारी, केलं. आधी ऑपेरा हाउसला, शेवटी बीकेसीला. आफ्रिकेत पाऊल ठेवलेलं नाही. पण तिथला माल रोज चिमट्यात धरला, तेवढ्या अधिकारावर लिहितो.

असॉर्टिंगची टेबलं शक्यतो उत्तरेच्या खिडकीला लावतात, तो उजेड दिवसभर सारखा राहतो. पांढऱ्या कागदावर रफची, म्हणजे पैलू न पाडलेल्या हिऱ्यांची, पुडी उघडायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि एकेक खडा बाजूला काढायचा. दोन-तीन वर्षांत नजर बसली की बरेचदा खडाच सांगतो, मी नदीतून आलोय. कडा झिजलेल्या, अंगावर दुधी काचेसारखी साय. पाइपातला, म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या नळीत खोल खणून काढलेला, धारदार असतो. नदीचा माल एकंदरीत उजवा, कारण ज्यांच्यात चिरा होत्या ते वाटेतच फुटलेले. दर ठरवताना आम्ही हे बघायचो. त्यापलीकडे काही बघायचं असतं हे 2003 साली किंबर्ली प्रक्रिया, म्हणजे बंडखोरांच्या लढाईला पैसा पुरवणारे हिरे बाजारात येऊ नयेत म्हणून देशांनी ठरवलेली पद्धत, सुरू होऊन मालाबरोबर दाखले यायला लागले, तेव्हा कळलं.

सिएरा लिओनमध्ये 1991 ते 2002 यादवी चालली. तिथले हिरे बरेचसे नदीच्या गाळात. कोनो भागात गुडघाभर पाण्यात उभं राहून फावडं आणि चाळणी घेतली की झालं. मैलोन् मैल पसरलेल्या गाळाला कुंपण कोण घालणार? ज्याच्या हातात बंदूक त्याची नदी. बोट्सवानाचे हिरे पाइपात आहेत, ओरापाला आणि ज्वानेंगला. तिथे उतरायला प्रचंड भांडवल, यंत्रं आणि वर्षानुवर्षांचा धीर लागतो. पण एकदा खाण सुरू झाली की भोवती कुंपण, एक फाटक आणि फाटकावर नोंदवही. माल मोजता येतो. दोन्हीकडचा हिरा शेवटी कार्बनच.

नुसत्या भूगोलानं मात्र भागलं नसतं. बोट्सवाना 1966 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा देशात डांबरी रस्ता जेमतेम 12 किलोमीटर होता म्हणतात. पुढच्याच वर्षी ओरापाचा साठा सापडला, तोही राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्या जमातीच्या मुलखात. त्यांना म्हणता आलं असतं, हे आमचं. पण खनिजावरचा हक्क जमातींकडे न राहता देशाच्या सरकारकडे गेला. खाणकंपनीत सरकारचा वाटा आधी 15 टक्के होता, तो भांडून 50 वर नेला. पैसा शाळा-रस्त्यांवर लागला. पुढे 2013 मध्ये बोट्सवाना सरकारनं डी बिअर्स या बड्या हिरेकंपनीची रफची विक्री लंडनहून उचलून थेट आपल्या राजधानीत, गॅबोरोनला, आणवली. आमच्या बाजारात तेव्हा बरीच कुरकुर झाली. शेठ रफ घ्यायला लंडनला जायचे तेव्हा शेठाणीबाईही हौसेनं सोबत जायच्या. गॅबोरोनला शेठ एकटेच जायला लागले.

नायजेरियाचं काय, असं कोणी विचारेल. तेल तर नळातून येतं, मोजता येतं. तिथलं समजायला मला आमची सोसायटी उपयोगी पडली. गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसला, घसघशीत भाडं सुरू झालं आणि मेंटेनन्स निम्म्याहून खाली आला. आम्ही सगळे खूश. पुढच्या वार्षिक सभेला कोरम भरेना. खिशातून जात नाही तर ताळेबंद कशाला वाचायचा? सेक्रेटरींनीही हळूहळू तो वाटणं बंद केलं. गृहस्थ चोर नव्हते, पण विचारणारंच कोणी नव्हतं. टाकी फुटकी राहिली, लिफ्टचा वार्षिक करार संपला तो संपलाच. एके दिवशी कंपनीनं टॉवर काढून नेला. मेंटेनन्स पुन्हा वाढवायला सभा बोलावली, तर जिन्यापर्यंत रांग आणि नुसती भांडणं. त्या रांगेत सर्वांत मोठा आवाज माझा होता, आणि त्याआधीच्या चार सभांना मी गेलो नव्हतो.

नायजेरियात 1956 मध्ये ओलोइबिरी इथे तेल लागलं. पुढे सरकारचा बहुतेक पैसा तेलातून यायला लागला, आणि लोकांकडून कर गोळा करायची गरज उरली नाही, तसं त्यांना उत्तर द्यायचीही. राज्य करायचं म्हणजे विहिरीच्या तोंडाशी आपली माणसं बसवायची. दुसरी गोष्ट त्याहून चोरपावलांनी झाली. तेलाच्या डॉलरांनी चलन वधारलं, बाहेरचं सगळं स्वस्त वाटायला लागलं आणि देशातलं पिकवलेलं महाग. साठच्या दशकात तिथल्या कानो शहरात निर्यातीच्या शेंगदाण्याच्या गोण्या पिरॅमिडसारख्या रचून ठेवत, त्यांचे फोटो अजून बघायला मिळतात. पुढे ते पिरॅमिड नाहीसे झाले. दुष्काळ आणि पिकावरची रोगराई यांनीही घात केला, पण तेलाच्या राज्यात शेंगदाण्याची फिकीर कुणाला होती? कच्चं तेल निर्यात करणारा हा देश सरकारी रिफायनऱ्या धूळ खात पडल्यामुळे वर्षानुवर्षं पेट्रोल आयात करत होता. या दुखण्याला डच रोग म्हणतात, कारण ते आधी नेदरलँड्सला जडलं, 1959 मध्ये ग्रोनिंगेनला वायू सापडल्यानंतर. डचांना कोणी आळशी म्हटल्याचं ऐकलेलं नाही.

नॉर्वेला 1969 मध्ये तेल सापडलं. त्यांनी पुढे भाडं वेगळ्या खात्यात टाकलं आणि मेंटेनन्स चालूच ठेवला. तेलाचा पैसा परदेशात गुंतवतात आणि त्या निधीतून वर्षाला साधारण 3 टक्केच काढायचा दंडक आहे. कर मात्र पूर्वीसारखेच घसघशीत. सभेला कोरम भरतो. त्यांच्याकडे सभा भरवायची सवय तेलाच्या आधीपासून होती, हेही खरं.

बोट्सवानाचे गोडवेही पूर्ण खरे नाहीत. सगळी भिस्त एकाच दगडावर राहिली. सुरतेत प्रयोगशाळेतले हिरे थाळ्या भरभरून निघायला लागले, भाव कोसळले, आणि 2024 च्या निवडणुकीत स्वातंत्र्यापासून सत्तेवर असलेला पक्ष पडला. सरकार मतानं बदललं, एवढं तरी आहे. माझ्या भाचीच्या साखरपुड्याची अंगठीही प्रयोगशाळेतलीच. भिंग लावून पाहिली, मला फरक सांगता आला नाही.

आता ‘आपल्याकडे काही नव्हतं’ याबद्दल. मुंबईजवळ ना कोळसा ना लोहखनिज, हे बरोबर. पण पन्नासच्या दशकापासून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत केंद्राचं भाडे समानीकरणाचं, म्हणजे कोळसा-पोलादासारखा माल रेल्वेनं कितीही लांब नेला तरी वाहतुकीचा भार गिऱ्हाइकावर सारखाच पडेल असं, धोरण होतं. जमशेदपूरचं पोलाद खाणीच्या दारात ज्या दरानं, त्याच दरानं मुंबईच्या गोदीत. मग कारखाना झारखंडच्या जंगलात कोण काढणार? तो बंदराजवळ आला, आपल्याकडे. खाणीशेजारच्या माणसाला खड्डा आणि धूळ मिळाली. आपले कष्ट मी नाकारत नाही, मीही नजर घालवून बसलोय. पण तो जमाखर्च मांडताना या रेल्वेभाड्याची ओळ गाळू नये.

आणि आफ्रिकेपर्यंत जायचं तरी कशाला? चंद्रपूरला कोळसा आहे, गडचिरोलीत सुरजागडचं लोखंड निघतंय. 2015 च्या कायदादुरुस्तीनं खाणबाधित गावांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानं झाली, स्वामित्वधनाच्या, म्हणजे खनिजापोटी सरकारला द्यायच्या रॉयल्टीच्या, 10 किंवा 30 टक्क्यांइतकी रक्कम त्यात जमा होते. ती कुठल्या गावात, कशावर खर्च झाली, हे आपल्या तिथल्या वार्ताहरांनी गावनिहाय छापावं, एवढी विनंती. पान कमी पडत असेल तर माझं हे पत्र गाळलंत तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त असॉर्टर
बोरिवली (पूर्व), मुंबई