आजीला क्योटोला नेताना

प्रिय मनू,

तुमची जपानची तिकिटं झाल्याचं कळलं आणि दुसऱ्याच दिवशी आजीने शाल उन्हात टाकली. आजीला तिथे व्हीलचेअरवरून फिरवायचंय, ते सगळं फोनवर सांगून होत नाही, म्हणून लिहितेय.

क्योटोत कोणी आपणहून मदतीला धावत येत नाही. त्याने मन खट्टू करून घेऊ नकोस. आपण ओसाकाला राहत होतो तेव्हा माझा पाय प्लास्टरमध्ये असताना तुझे बाबा मला व्हीलचेअरवरून क्योटोला घेऊन गेले होते. एका स्टेशनात जिन्यापाशी आम्ही वीसेक मिनिटं थांबलो. माणसं खाली बघत शेजारून जात होती. मला रडू फुटायचंच बाकी होतं. शेवटी बाबांनी खिडकीशी जाऊन नुसतं "सुमिमासेन", म्हणजे "माफ करा, जरा ऐकता का", असं म्हटलं. आतला माणूस टोपी सावरत बाहेर आला, कुठे उतरणार ते विचारलं, घडीची फळी काखेत घेऊन आमच्याबरोबर लिफ्टने फलाटावर आला आणि डब्याच्या दाराशी ती टाकली. उतरायच्या स्टेशनवर दार उघडलं, तर नेमकं समोर दुसरा माणूस तशीच फळी घेऊन उभा! पहिल्याने आमचा डबा आधीच कळवून ठेवला होता. न विचारता हात लावला तर समोरचा अवघडेल, असं तिथे वाटतं. तेव्हा तोंड आपणच उघडायचं, त्यात लाजू नकोस.

उलट समोरचा "चोत्तो..." (म्हणजे "जरा...") म्हणून अडखळला, तर तो नकार समज आणि तिथेच थांब. गळ घालू नकोस.

नोव्हेंबरात लाल पानं बघायला गर्दी लोटते, बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. करासुमा आणि तोझाई या दोन्ही भुयारी मार्गांवर प्रत्येक स्थानकात लिफ्ट आहे, शक्यतो त्यानेच फिरा. बसने जायचंच झालं तर मागून चढायचं, पुढून उतरताना पैसे टाकायचे. व्हीलचेअर दिसली की ड्रायव्हर स्वतः उठून उतार लावतो. तुम्ही उगीच घाई करू नका.

डोंगरावरच्या फुशिमी इनारी देवस्थानाच्या पायऱ्यांचा हट्ट आजीपायी सोडून दे. सान्जूसान्गेन्दोच्या देवळात मात्र नक्की ने. खुर्चीसाठी उतार आहे. आत कान्नोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्ती ओळीने उभ्या आहेत आणि त्यांच्या रक्षक २८ देवतांमध्ये आपले ब्रह्मा नि इंद्रही आहेत. आजीला तिथे वेळ दे. फोटो काढायला बंदी आहे, फोन पर्समध्येच राहू दे. देवळांच्या अंगणात खडी असते, पुढची छोटी चाकं रुततात. खुर्ची उलटी वळवून मागे ओढत ने.

गिओन या जुन्या वस्तीत माइको, म्हणजे शिकाऊ गेइशा, दिसली तर तिच्या मागे धावू नका, ती कामावर निघालेली असते. लोकांच्या त्रासाने तिथल्या काही खासगी गल्ल्या २०२४ पासून पर्यटकांना बंद केल्या आहेत.

जेवणाची मला जास्त काळजी आहे. भाजीच्या सूपमध्येसुद्धा 'दाशी', म्हणजे उकळून काढलेलं चवीचं पाणी, असते आणि ती बहुधा सुक्या माशाची. "मांस नको" एवढ्याने भागत नाही. "मांस, मासे, माशाची दाशीही चालत नाही" असं जपानीत मोठ्या अक्षरांत लिहून घे आणि जेवण मागवायच्या आधी दाखव. देवळांतलं शाकाहारी जेवण शोजिन र्‍योरी आजीला मानवेल. त्यात कांदा-लसूणही नसतो, चातुर्मासासारखं. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका. मेलेल्या माणसापुढे ठेवायच्या भातात त्या तशा खोचतात. पिंडाच्या भाताची आठवण करून दिलीस की आजीला पटकन समजेल. टीप ठेवू नकोस, माणूस पैसे परत द्यायला रस्त्यावर धावत येईल.

सर्दीच्या गोळ्या इथून नेण्याआधी मला नावं कळव. स्यूडोएफेड्रिन असलेल्या बऱ्याच गोळ्यांना तिथे बंदी आहे. अँब्युलन्सचा नंबर ११९, आजीच्या पर्समध्येही लिहून ठेव.

आजी रोज सकाळी देवपूजा झाली की "सुमिमासेन" घोकतेय. लक्षात राहावं म्हणून ती "सुमी, मासे न" असं तोडून म्हणते. तू तिला दुरुस्त करू नकोस, बरोबर ऐकू येतं ते.

तुझी,
आई