पक्ष्याला नाव आहे, शेवाळाला काय?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत ऑस्ट्रेलियातल्या रीजंट हनीईटर पक्ष्याचं वाचलं, खरंच वाईट वाटलं. पक्षी इतके कमी उरलेत की पोरांना गाणं शिकवायला जाणता नरच आसपास नाही, मग 2021 मधल्या अभ्यासात दिसलं तसं साधारण 12 टक्के नर दुसऱ्याच पक्ष्यांची गाणी म्हणत फिरतात आणि असल्यांची जोडी जमणं मुश्किल. आता पाळलेल्या पिल्लांना रेकॉर्डिंग ऐकवून गाणं शिकवतात. उत्तम. पण मला लगेच टकाकिया आठवलं.

टकाकिया म्हणजे तिबेटच्या पठारावरचं एक मॉस, म्हणजे दगडा-भिंतींवर हिरव्या मखमलीसारखी येते तसली बारीक वनस्पती. सुमारे 39 कोटी वर्षं जुना वंश, तेव्हा हिमालयसुद्धा नव्हता! 2023 साली शास्त्रज्ञांनी सांगितलं की तिथे ते वर्षाला साधारण 1.6 टक्क्यांनी कमी होतंय. त्याला कसलं रेकॉर्डिंग ऐकवणार? त्याच्यावर पुरवणीत अर्धं पान आल्याचं निदान मला तरी आठवत नाही.

आपल्याकडे तर शेवाळ म्हटलं की आधी कंबरडं आठवतं. गणपतीला चाकरमानी यायच्या आत पाखाडीवर (दगडी पायवाटेवर) ब्लीचिंग पावडर मारायची, हे आमच्या घरी ठरलेलं (मीही मारतो, खोटं कशाला बोलू, आई दोनदा पडलीय). पण पायाखालचं ते बुळबुळीत वेगळं आणि चिऱ्याच्या गडग्यावर (जांभ्या दगडाच्या कुंपणभिंतीवर) मखमलीसारखं येतं ते मॉस वेगळं. त्याला मुळं नाहीत, पाणी मुख्यतः पानांनी पितं, वैशाखात करपून तपकिरी पडतं आणि पहिल्या पावसात बघता बघता हिरवं होतं. दोघांनाही आपण शेवाळच म्हणतो, तिथेच घोळ आहे.

आमच्या गावची जैवविविधता नोंदवही मी मुद्दाम बघून आलो. पक्ष्यांची चांगली चार पानं, जो तसा धोक्यातही नाही त्या शीळकरी कस्तूरपासून सगळे. मॉसच्या नावाने एक ओळ, 'शेवाळ (पावसाळी)'. बास. आता जुने गडगे पाडून सिमेंटच्या भिंती होतायत, त्यात काय काय गेलं हे त्या ओळीवरून कोण सांगणार?

पक्ष्यांचं छापू नका असं म्हणत नाही हो. पण पाऊस आहे तोवर एखादा वनस्पतीशास्त्राचा माणूस आणि फोटोग्राफर इकडे पाठवा, आमच्या विहिरीचा कठडा अजून चिऱ्याचाच आहे. ब्लीचिंग यंदा तिकडे मारलेलं नाही.

आपला एक वाचक,
राजापूर, जि. रत्नागिरी