बुरशीचा रंग नुसता बघून कळत नाही

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी अळंबी आणि बुरशीवर जो लेख आला तो आवडला, फोटो तर झकास, पण 'केशरी रंग म्हणजे गाजरातलाच कॅरोटीन' हे वाक्य काही पटलं नाही. पावावर येणाऱ्या केशरी न्यूरोस्पोरा बुरशीत कॅरोटिनॉइड, म्हणजे कॅरोटीनच्याच कुळातली रंगद्रव्यं, असतात हे खरंय, पण झाडाच्या खोडावर वाढणाऱ्या पिवळ्या-केशरी लेटिपोरसमधलं मुख्य रंगद्रव्य लेटिपोरिक आम्ल आहे आणि ते कॅरोटिनॉइड नाही, आता हे नुसतं बघून कोण सांगणार? त्याला रामन स्पेक्ट्रोस्कोपी कामी येते. लेसरचा उजेड टाकायचा, त्यातला अगदी थोडा रेणूंच्या कंपनांमुळे बदलून परत येतो, आणि कॅरोटिनॉइड असेल तर आलेखात साधारण ११५५ आणि १५२० सेंटीमीटर इन्व्हर्सला (उजेडातला हा बदल मोजायचं एकक) ठळक शिखरं दिसतात. बुरशी वाटून अर्क काढायची गरजच नाही. हां, कधी नमुना स्वतःच चमकतो आणि सगळं झाकून टाकतो, मग १०६४ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लेसर वापरतात. १९२८ साली आपल्याच देशात लागलेला शोध आहे हा, लेखात त्याचं नावसुद्धा नसावं? आंबा घाट, राधानगरीकडं पावसात एवढी रंगीत बुरशी उगवते, पुढच्या लेखात हेही येऊ द्या.

– एक वाचक, कोल्हापूर