टीपॉयचा टॉप खोक्याला चिकटवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरच्या घरी टीपॉय कसा करावा, हे सांगणारे लेख पुरवण्यांमधून अधूनमधून येत असतात. फोटो चांगले असतात, सामानाची यादीही असते. पण खाली प्लायचा खोका, त्यावर भरीव लाकडाचा टॉप, मधे भरपूर गोंद आणि वर रात्रभर वजन, अशी एक पायरी त्यांत हमखास आढळते. आम्ही सुतारकाम शिकवतो. मेहनतीने केलेला टीपॉय याच पायरीमुळे वर्षाच्या आत फाटतो, म्हणून हे पत्र.

साधा चार पायांचा टीपॉय बऱ्याच चुका सोसतो. सामान ठेवायला आत जागा केली की तो आधी खोका होतो आणि मग टेबल. खोक्याचा प्लाय हवेतल्या ओलाव्याने जवळजवळ हलत नाही. भरीव लाकूड मात्र हलते, लांबीत नगण्य, रुंदीत चांगलेच. सागासारखे शांत, म्हणजे कमी हलणारे लाकूड घेतले आणि त्याच्या आतल्या ओलाव्यात ४ टक्क्यांचा फरक पडला, तर ५५० मिमी रुंदीचा टॉप सुमारे ४ मिमी आकसतो किंवा फुगतो. इतर अनेक लाकडे याहून जास्त हलतात. हे बळ गोंदाने थोपवता येत नाही. कोरड्या हवेत टॉप आकसू पाहतो, खालचा प्लाय त्याला धरून ठेवतो आणि मग टॉपला टोकाकडून तडा जातो, नाहीतर खोक्याचा सांधा उघडतो. टॉपही प्लायचाच असेल तर खुशाल चिकटवा. भरीव असेल तर त्याला हलायला जागा ठेवावीच लागते.

नेमके सांगता यावे म्हणून एक माप धरू. टॉप १००० × ५५० मिमी, जाडी २२. खोका ९४० × ४९०, उंची ३०८. पाय १०० मिमी. एकूण उंची ४३० होते. टीपॉय सोफ्याच्या बैठकीच्या पातळीला किंवा तिच्याहून थोडा खाली असला की हात सहज पोचतो. खोक्यासाठी १८ मिमी प्लाय: दोन बाजू ४९० × ३०८, तळ ९०४ × ४९०, पाठ ९०४ × २७२, दोन ड्रॉवरांमधला पडदा ४७२ × २७२, वरच्या दोन आडव्या पट्ट्या ९०४ × ८०. पाठ बाहेरून ठोकण्याऐवजी बाजूंच्या आत बसवा, कारण टीपॉय चारही बाजूंनी दिसतो. क्षेत्रफळ मोजले तर २४४० × १२२० ची अर्धी शीट पुरेल असे वाटते. करवतीच्या पात्याचे ३ मिमी आणि लाकडाच्या रेषांची दिशा धरली की शेवटचा तुकडा त्यात बसत नाही. पूर्ण शीट घ्या. उरलेल्या प्लायमधून जोडाचे नमुने करून पाहता येतात.

वरच्या दोन आडव्या पट्ट्यांवर सगळी मदार आहे. टॉप त्यांनाच खालून स्क्रूने धरायचा. पुढच्या पट्टीत साधी गोल भोके पाडा, मागच्या पट्टीत ५ मिमी रुंद आणि १२ मिमी लांब अशी लांबट. त्यांची लांबी टॉपच्या रेषांना आडवी, म्हणजे पुढून मागे हवी. असे केले की पुढची कड जागेवर राहते आणि सगळी हालचाल मागे जाते. लांबट भोकात स्क्रूखाली वॉशर घाला आणि स्क्रू पुरता आवळल्यावर किंचित सैल करा. स्क्रू ३५ मिमीचा. पट्टीचे १८ आणि वॉशरचा दीड मिमी वजा जाता तो टॉपमध्ये साधारण १५ मिमी शिरतो. ४० चा घेतला तर टोकापुढे जेमतेम दीड मिमी लाकूड उरते आणि वरच्या पृष्ठावर फुगवटा दिसतो. तो नंतर घासूनही जात नाही.

टॉपच्या फळ्या आणल्या आणि त्याच दिवशी जोडल्या, ही आणखी एक घाई. टीपॉय जिथे राहणार त्याच खोलीत, फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून, दोन-तीन आठवडे ठेवा. ओलावा मोजायचे यंत्र नसेल तर एक फळी दर आठवड्याला वजन करून पाहा. वजन बदलायचे थांबले की लाकूड त्या हवेला रुळले. ९५ मिमीच्या सहा फळ्या जोडून ५७० होतात, नंतर कापून ५५० करता येतात. कडा रंधून दोन फळ्या कोरड्याच एकमेकींवर उभ्या धरा आणि मागून उजेड टाका. उजेड दिसला तर क्लॅम्प (फळ्या दाबून धरणारा शिकंजा) आवळून फट मिटवण्याच्या फंदात पडू नका, परत रंधा मारा. जबरदस्तीने मिटवलेली फट पुढे केव्हातरी उघडतेच. क्लॅम्प दर २०० ते २५० मिमीवर लावा, एक वरून, एक खालून. सगळे एकाच बाजूने लावले की टॉपला बाक येतो. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसू नये, तो रेषांत शिरतो आणि पॉलिशखाली पांढुरके डाग उठतात. रबरासारखा झाला की पटाशीने खरवडा. घासकाम दुसऱ्या दिवशी किंवा त्यानंतरच. गोंदातल्या पाण्याने सांध्याजवळचे लाकूड फुगलेले असते. ते तसेच सपाट केले तर वाळल्यावर प्रत्येक सांध्यावर बारीक खोलगट रेघ राहते.

खोका जोडताना प्लायच्या कडेत स्क्रू जाणार, म्हणून आधी बारीक भोक हवेच. ४ × ५० च्या स्क्रूला ३ मिमीचे. नाहीतर प्लायचे थर सुटतात. टोकापासून ५० मिमी सोडून दर १५० मिमीवर एक स्क्रू पुरे. गोंद ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजा. फरक १ मिमीपेक्षा जास्त असेल तर लांब कर्णावर तिरका क्लॅम्प लावून खोका गुण्यात, म्हणजे काटकोनात आणा. गोंद वाळल्यावर हे जमत नाही आणि पुढे ड्रॉवर कधीच सरळ बसत नाही.

ड्रॉवरचा एकही तुकडा खोका तयार होण्याआधी कापू नये. कागदावर प्रत्येक ड्रॉवरसाठी उघडा भाग ४४३ मिमी येतो, हातात ४४१ येऊ शकतो. ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या नेहमीच्या बाजूच्या चॅनलला दोन्हीकडे सुमारे १२.७ मिमी लागतात. म्हणून प्रत्यक्ष मोजलेल्या रुंदीतून २६ वजा करा. ४४३ असेल तर ड्रॉवरची बाहेरची रुंदी ४१७. ड्रॉवर एखादा मिमी अरुंद झाला तर चॅनलमागे जाड पुठ्ठ्याची पट्टी घालून काम भागते. एक मिमी रुंद झाला तर मात्र चॅनल दाबले जाते आणि ड्रॉवर अर्ध्यावर अडकतो. चॅनल ४०० मिमीचे घ्या. ४५० चे हिशेबात बसते, पण आतल्या ४७२ मधून दर्शनी फळीचे १८ गेले की मागे चारच मिमी उरतात आणि पाठ जराशी आत आली की संपले. दर्शनी फळीभोवती २ मिमी फट ठेवा. कडेला पट्टी चिकटवणार असाल तर तिची जाडी आधी वजा करा. ही वजाबाकी नवशिकेच काय, सरावलेलेही विसरतात.

ड्रॉवरऐवजी टॉपच झाकणासारखा उघडणारा टीपॉय सध्या अनेकांना हवा असतो. वर सांगितलेल्या मापाचा सागाचा टॉप जवळपास ८ किलो भरतो. तो नुसत्या बिजागऱ्यांवर ठेवला आणि हातातून सुटला तर लहान मुलाची बोटे चिरडू शकतात. झाकण कुठल्याही कोनात सोडले तरी जागीच थांबेल असा आधार त्याला हवा, आणि तो टॉपच्या खऱ्या वजनानुसार निवडलेला हवा. आतून उघडता न येणारी कडी नको. मूल आत शिरू शकेल एवढा खोका असेल तर हवेसाठी भोकेही ठेवा. असे मजबुतीने करायला जमणार नसेल तर ड्रॉवरच बरा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पॉलिशबद्दल थोडेच. ८०, १२०, १८०, २२० या क्रमाने रेषांच्या दिशेने काचपेपर मारा, मधला नंबर गाळू नका. टॉपच्या खालच्या बाजूलाही वरच्याइतकेच पॉलिशचे हात (थर) द्या. एकच बाजू बंद केली की दुसरी ओलावा घेत-सोडत राहते आणि टॉप पन्हाळीसारखा वळतो. गरम कप ठेवला जाणार असेल तर लाखेच्या पॉलिशवर पांढरी वर्तुळे उठतात. पॉलियुरेथेनचे तीन हात, मधे ३२० चा हलका काचपेपर, हे त्यापेक्षा टिकाऊ.

आपल्या पुरवणीत पुन्हा अशी कृती छापताना टॉप कसा धरायचा हे आकृतीसह द्यावे आणि एक सूचना चौकटीत ठळक छापावी, ही विनंती. जवसाचे तेल किंवा ते असलेले पॉलिश लावलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना ते तेल तापते आणि चोळामोळा केलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडून ठिणगीशिवाय आग लागू शकते. फडकी उघड्यावर एकेक पसरून कडक वाळवावीत, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत.

आपले,
सुतारकाम शिकवणारे काही वाचक